बाबा आत आहेत का?

आधी पत्र देते, थोडं कमी करून.

"मावशी, माझे बाबा शिंपी. साताऱ्यात आमचं छोटं दुकान होतं, चाळीस वर्षं चालवलं त्यांनी. आता ७४ वर्षांचे आहेत, तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. मला नावाने ओळखत नाहीत, 'ताई' म्हणतात. ताई म्हणजे माझी मोठी आत्या, तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं, ती जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी पैसे चोरले म्हणून ओरडले, ताट फेकलं, शिवी दिली. आयुष्यात कधी शिवी दिली नव्हती त्यांनी. मग मी पण ओरडले, खूप ओरडले. दहा मिनिटांत ते विसरले सगळं, पण रात्रीपर्यंत कोपऱ्यात गप्प बसून होते. भाऊ पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो हार्ड डिस्क करप्ट झालीय, ते बाबा आता नाहीत, तू उगाच स्वतःला जाळून घेतेस, एखादं चांगलं होम बघू. धाकटी आत्या म्हणते आत्म्याला काही होत नाही, आत त्याला सगळं कळतंय, फक्त सांगता येत नाही. भावाचं ऐकलं की वाटतं मी रिकाम्या शरीराची सेवा करतेय. आत्याचं ऐकलं की त्याहून भयंकर वाटतं, म्हणजे मी ओरडले ते त्यांनी आतून सगळं ऐकलं का? आणि ते जे बोलले ते त्यांच्या मनात आधीपासून होतं का? मन म्हणजे मेंदूच का? बाबा आत आहेत की नाहीत? मी काय समजून त्यांच्याशी वागू? – बाबांची लेक"

बाबांची लेक,

तू मला मावशी म्हणालीस म्हणून मी पण अगंतुगं करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग एक दिवस तसंच ठेवलं, कारण धीर धर, काळजी घे, असलं काहीतरी लिहून पाठवून द्यायचं नव्हतं मला. मी कॉलेजात वीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, मन आणि जड वस्तू यांचं नातं काय हा टॉपिक दरवर्षी घेतला, परीक्षेत तो दहा मार्कांना यायचा आणि पोरं पाठ करून लिहायची. तू तो विचारतेस तेव्हा तुझ्या हातात भाताचं ताट असतं. म्हणून मी पण तो नीट, पूर्ण, तुझ्या घरात बसून सोडवायचा प्रयत्न करणार आहे, जरा लांबेल, वेळ मिळेल तसं तुकड्यातुकड्याने वाच.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तुझा प्रश्न जवळजवळ तुझ्याच शब्दांत एका मुलीने ३८० वर्षांपूर्वी विचारलाय. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य ती दोन वर्षांची व्हायच्या आत गेलं होतं, सगळं घराणं हॉलंडमधे हेग शहरात आश्रयाला होतं. १६४३ च्या मे महिन्यात, वय वर्षं २४, तिने रने देकार्तला पत्र लिहिलं. देकार्त तेव्हा युरोपातला मोठा तत्त्वज्ञ, त्याचं म्हणणं होतं की जगात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, एक जागा व्यापणारी जड वस्तू आणि दुसरं विचार करणारं मन, जे जागा व्यापतच नाही, ज्याला लांबी रुंदी वजन काही नाही. एलिझाबेथने विचारलं, मग ज्याला आकार नाही, जे कुठे टेकत नाही ते मन माझा हात हलवतं कसं? ढकलायला काहीतरी टेकावं लागतं ना?

हा प्रश्न सगळ्या पुस्तकांत असतो. पण मला तिचं पुढचं पत्र जास्त जवळचं आहे, जूनमधलं. त्यात ती म्हणते (माझ्या शब्दांत सांगतेय) की ज्या आत्म्याला नीट विचार करायची ताकद आहे, सवय आहे, तो शरीरातल्या कसल्यातरी वाफांमुळे ते सगळं गमावून बसू शकतो, हे मला समजतच नाही, शरीराशिवाय राहू शकतो म्हणता, शरीराशी काही साम्य नाही म्हणता, मग त्याच्यावर शरीराची एवढी सत्ता कशी? आणि ती सरळ सांगून टाकते की आकार नसलेली वस्तू शरीर हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच जडपणा आहे हे मानणं मला सोपं जाईल. वाफा म्हणजे त्या काळचं वैद्यक गं. आज आपण प्रोटीनच्या गाठी म्हणतो. बाकी प्रश्न तोच, चांगला विचार करणारा माणूस आजारात तो विचार हरवून बसतो तेव्हा हरवतं नक्की काय.

देकार्तने काय उत्तर दिलं? मेंदूच्या मधोमध असलेल्या एका छोट्या ग्रंथीत मन आणि शरीराची गाठ पडते, असं त्याचं मत होतं, ते पुढे टिकलं नाही. पण त्याच महिन्यात तिला लिहिलेल्या पत्रात तो आणखी एक बोलला, ते मला अजून खरं वाटतं. तो म्हणाला की मन आणि शरीर एक कसे आहेत हे चिंतन करत बसून कळत नाही, ते रोजच्या जगण्यातून आणि साध्या बोलण्याचालण्यातून कळतं. एलिझाबेथचं त्याने समाधान झालं नाही, आणि होऊ पण नये, कारण हे उत्तर अर्धवट आहे. तरी ते लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

आता तुझा भाऊ. त्याच्यावर रागावू नकोस, लांब राहणाऱ्या माणसाला एकदाच दुःख करून मोकळं व्हावंसं वाटतं, त्यातून ती हार्ड डिस्क आलेली आहे. पण तो जे बोलतोय ते त्याच्याच बाजूने नीट धरून बघूया. मन म्हणजे मेंदूत चाललेली प्रक्रियाच, दुसरं काही नाही, हे मत आधुनिक रूपात १९५६ साली यू. टी. प्लेस या तत्त्वज्ञाने मांडलं आणि १९५९ मधे स्मार्ट या दुसऱ्याने पुढे नेलं. वीज चमकणं म्हणजे विद्युतभार वाहणं, त्याच्या मागे अजून वेगळी 'वीज' नसते, तसं वेदना, आठवण, राग ही मेंदूतल्या घडामोडींचीच नावं. ठीक आहे, समज हे शंभर टक्के खरं आहे. मग त्यातून निघतं काय? मन मेंदूच असेल तर जेवढा मेंदू चालू तेवढं मन चालू! बाबांचा मेंदू बंद पडलेला नाहीये, त्यातले काही भाग झिजलेत, बाकीचे काम करतायत. म्हणजे भौतिकवाद पक्का मानणाऱ्या माणसाला 'बाबा आता नाहीत' असं म्हणताच येत नाही, त्याला फार तर 'बाबा काही भागांत आहेत, काही भागांत नाहीत' एवढंच म्हणता येतं. 'आता ते नाहीत' हे वाक्य बोलताना तो नकळत आत्मा मानतो, एखादी अख्खी वस्तू, जी होती आणि निघून गेली. हे तू त्याला सांग. भांडायला नको, त्याला विचार करायला आवडत असेल तर त्यालाही यातून बरं वाटेल असं मला वाटतं.

आणि हार्ड डिस्क तर नाहीच गं. आठवण एका जागी फाईलसारखी ठेवलेली नसते हे आपल्याला बऱ्यापैकी एका माणसामुळे कळलं, हेन्री मोलेसन. अमेरिकेतला, १९५३ साली फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला आणि त्या दिवसापासून नवीन काही त्याच्या लक्षात राहीना, समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला तरी नव्याने ओळख करून घ्यायचा. तर ब्रेंडा मिलनर नावाच्या संशोधक बाईंनी त्याला एक काम दिलं, कागदावर चांदणी छापलेली, तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट बघायचं नाही, फक्त आरशात बघून. सगळ्यांनाच अवघड जातं ते. तो रोज करत गेला आणि रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलेलं नाही. डोक्याला माहीत नाही आणि हाताला माहीत आहे. हे वाचताना मला तुझ्या पत्रातली एक ओळ आठवली, जी तू अगदी शेवटी, सही केल्यानंतर ताजा कलम म्हणून लिहिलीस आणि मी वर छापली नाही, की बाबा अजून सुईत दोरा ओवतात, चष्मा न लावता, पहिल्या झटक्यात, आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ मारून दात लावून तोडतात. ती तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

आता आत्या. त्यांचं म्हणणं भक्तीचं आहे, प्रेमाचं आहे, भावावरचं प्रेम आहे ते, आणि तरी त्यानेच तुझी रात्रीची झोप उडालीय, कारण आतमधे एक पूर्ण शाबूत, सगळं समजणारा बाबा कोंडलेला आहे आणि तो बघतोय की लेक ओरडतेय, असं चित्र तुझ्या डोळ्यांसमोर बसलं. म्हणून हे मी जरा जास्त वेळ घेऊन लिहिते.

ज्या परंपरेच्या जोरावर आत्या बोलतात तिने असं कधी म्हटलेलंच नाहीये. सांख्य घे, आपल्या जुन्या दर्शनांपैकी एक. आपल्याला वाटतं की सांख्यांनी शरीर आणि मन असे दोन भाग केले, तसं नाही. त्यांनी रेघ वेगळीकडे ओढली. एका बाजूला प्रकृती, म्हणजे सगळं जड जग, आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, म्हणजे शुद्ध आत्मा. शरीर तर प्रकृतीत आहेच, पण मन पण प्रकृतीत, अहंकार पण प्रकृतीत, बुद्धी पण प्रकृतीत! म्हणजे 'ही माझी लेक', 'हे माझे पैसे', 'हिने मला दुखावलं' हे जे काही कळणं आहे ते सगळं प्रकृतीच्या बाजूचं, जडाच्या बाजूचं, झिजणारं, बदलणारं. पलीकडे पुरुष आहे तो नुसता साक्षी. त्याला नाव नाही, त्याला लेक नाही, तो कुणाचं बोलणं मनाला लावून घेत नाही, तो काही करत पण नाही. सांख्यकारिका या त्यांच्या ग्रंथात आंधळ्या आणि पांगळ्याचा दाखला आहे, पांगळा बघतो पण चालत नाही, आंधळी प्रकृती चालते पण तिला दिसत नाही, दोघं मिळून वाट चालतात. आता या हिशोबाने बघ, आत्म्याला काही होत नाही हे आत्यांचं बरोबर, पण आत त्याला सगळं कळतंय हे नाही बसत, कारण जे 'कळतं' ते बुद्धीला कळतं आणि आजार बुद्धीलाच झालाय.

न्याय हे दुसरं दर्शन, ते मानणारे नैयायिक वेगळं बोलतात, ते ज्ञान हा आत्म्याचा गुण मानतात, आठवणीचे संस्कार पण आत्म्यात राहतात म्हणतात, म्हणजे इथे आत्यांना जरा आधार मिळतो. पण त्यांच्याही मते आत्म्याचा मनाशी संयोग झाल्याशिवाय ज्ञान उपजत नाही, आणि मन त्यांच्याकडे एक अणूएवढं साधन आहे, एका वेळी एकाच गोष्टीला जोडलं जाणारं. ते साधन नीट चालत नसेल तर आत्मा आत बसून गुपचूप सगळं ऐकतोय असं नैयायिक पण म्हणणार नाही. थोडक्यात, कोंडलेला बाबा कुठल्याच शास्त्रात नाही. ते भूत आत्यांच्या मायेतून आलं आणि तुझ्या अपराधी वाटण्याने त्याला मोठं केलं, ते तू खरंच सोडून दे.

(आत्मा न मानणारे चार्वाक पण सांगून टाकते, भावाला आवडेल. पान, सुपारी, चुना, यातलं काहीच लाल नसतं आणि विडा चावला की तोंड रंगतं, तसं पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू या चार महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं, असा दाखला त्यांच्या नावावर सांगितला जातो. रंग खराच असतो ना, तोंड लाल झालेलं असतं. वेगळी वस्तू नसली म्हणून खोटा होत नाही.)

मग आता शिवीचं आणि चोरीच्या आरोपाचं. तुला भीती आहे की आजाराने झाकण उघडलं आणि आतलं खरं बाहेर आलं. हे माणसं फार मानतात, दारू प्यायलेला खरं बोलतो वगैरे. पण बघ, पैसे कुठेतरी ठेवले, ठेवल्याची आठवण बनलीच नाही, मग हात घातला तिथे पैसे नाहीत. ही एवढी पोकळी मनाला सहन होत नाही, ते ती कशाने तरी भरतं, आणि घरात समोर दिसणारी तूच आहेस. म्हणजे आरोप तुझ्यावर आला तो तू जवळ आहेस म्हणून. भाऊ तिथे असता तर भावावर आला असता. डिमेन्शियात, म्हणजे अल्झायमरसारख्या विस्मरणाच्या आजारांत, चोरीचा संशय इतका कॉमन आहे की डॉक्टरांनी तुला हे आधीच सांगायला हवं होतं.

शिवीबद्दल, १८४८ सालची एक केस आहे, फिनियस गेज. अमेरिकेत वरमाँटमधे रेल्वेसाठी खडक फोडताना स्फोट झाला आणि एक मीटरहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालाखालून घुसून डोक्यातून वर निघून गेली. माणूस जगला. पण डॉक्टर हार्लोने लिहून ठेवलंय की आधी शांत, भरवशाचा असलेला हा मुकादम नंतर शिवराळ, लहरी झाला, इतका की मित्र म्हणायचे हा गेज राहिलाच नाही. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात आणि तुझ्या भावासारखा निष्कर्ष काढतात. पण गेज नंतर चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकली, वेळापत्रक, प्रवासी, खराब रस्ते, सगळं सांभाळून, १८६० साली वारला. पुढच्या मेंदूत तोंड आवरायची सोय असते, ती तुटली की शिवी बाहेर येते, आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात ऐकलेल्या शिव्या साठलेल्या असतात. बाबा चाळीस वर्षं बाजारपेठेत बसले, त्यांनी काय काय ऐकलं असेल. आवरणं हे त्यांचं स्वतःचं होतं, त्यांनी कमावलेलं. न आवरता येणं हे आजाराचं. तू जो शांत माणूस बघितलास तोच खरा होता असं मी म्हणते आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये.

आता मुख्य प्रश्न, आत आहेत की नाहीत. मला वाटतं या 'आत' शब्दातच आपण अडकतो. गिल्बर्ट राईल म्हणून ऑक्सफर्डचा प्राध्यापक होता, १९४९ साली त्याने एक दाखला दिला, पाहुण्याला ऑक्सफर्डची कॉलेजं दाखवली, लायब्ररी, मैदानं, म्युझियम, ऑफिसं सगळं दाखवलं आणि पाहुणा शेवटी विचारतो, हे ठीक, पण युनिव्हर्सिटी कुठेय? जे बघितलं तीच युनिव्हर्सिटी होती ना, अजून एक बिल्डिंग शोधत बसला बिचारा. राईल म्हणतो मनाचं आपण असंच करतो, माणूस जपून टाका घालतो, पाहुणा आला की सरकून जागा देतो, चहा गरम आहे का बघून मग दुसऱ्याला देतो, हे सगळं बघूनही विचारतो की यामागे मन कुठे आहे. राईलचं सगळं मला पटत नाही, ते पुढे सांगते, पण तुझ्यासाठी ते कामाचं आहे. बाबा दोरा ओवतात तेव्हा बाबा त्या ओवण्यात आहेत. दुसरीकडे कुठे शोधू नकोस. देकार्त रोजच्या जगण्यातून कळतं म्हणाला होता ना, ते हेच.

आणि 'ताई' म्हणतात ते. तू लिहिलंस की हे ऐकलं की पोटात गोळा येतो. मी तुझ्या जागी असते तर मलाही आला असता. पण जरा वेगळ्या बाजूने बघशील का, त्यांना लहानाचं मोठं कुणी केलं, जेवू कुणी घातलं, अंघोळ कुणी घातली, ताईने. आज हे सगळं त्यांच्यासाठी कोण करतंय? नाव चुकलं, नातं बरोबर ओळखलं त्यांनी. समोरची बाई आपली आहे, आपल्याला जपते, हिच्याजवळ बसलं की बरं वाटतं, ही ओळख शिल्लक आहे आणि त्या ओळखीला त्यांच्याकडे जे नाव सापडलं ते त्यांनी तुला दिलं. म्हणून 'बाबा, मी ताई नाही, ताई वारली' असं दुरुस्त करत जाऊ नकोस, दर वेळी त्यांना ती नव्याने वारल्याचं दुःख होईल. हाक आली की ओ दे.

जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ म्हणायचा की आठवणीच्या धाग्यानेच माणूस तोच राहतो, कालचं आठवतं म्हणून कालचा तो मी. त्या मापाने बघितलं तर भाऊ बरोबर ठरेल. पण मग तू एक वर्षाची होतीस त्यातलं तुला काय आठवतं? काहीच नाही, आणि तरी ते बाळ तूच होतीस, कारण ते बाळ तू आहेस हे बाबांना आणि आईला आठवत होतं. तुझा धागा तेव्हा त्यांच्या हातात होता.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाहीये. १९९८ साली अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी एक लेख लिहिला, त्यात ऑटो नावाचा एक कल्पनेतला माणूस आहे आणि गंमत बघ, त्याला अल्झायमरच आहे. तो सगळं एका वहीत लिहून ठेवतो. म्युझियमला जायचंय, पत्ता आठवत नाही, वही काढतो, बघतो, जातो. ते विचारतात, दुसऱ्या कुणी डोक्यातून पत्ता आठवला आणि ऑटोने वहीतून, फरक काय? वही नेहमी त्याच्याजवळ असते, तिच्यावर त्याचा भरवसा आहे, मग ती त्याच्या मनाचाच भाग का धरू नये? मन कवटीपाशी संपतं असं कुणी सांगितलं? यावर पुष्कळ वाद झाले, मला स्वतःला वाटतं की थोडं ताणलंय त्यांनी, तरी ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्याने हे घट्ट धरावं. याचा अर्थ तुमचं घर हे बाबांच्या मनाचा भाग आहे. कपाट तिथेच असू दे. चष्मा रोज त्याच खिळ्याला. कॅलेंडर वर्षानुवर्षं ज्या भिंतीवर आहे तिथेच, दुधाचा हिशोब त्यावर लिहायची त्यांची सवय असेल तर पेन दोरीने बांधून ठेव आणि आकडा चुकला तरी खोडू नकोस. संडासाच्या दाराला मोठ्या अक्षरात कागद लाव. दिवाळीला घर आवरताना सामान हलवलंस तर तू त्यांचं डोकं हलवतेस असं समज. आणि होमचं म्हणशील तर भाऊ वाईट सुचवत नाहीये, कधीतरी तशी वेळ येऊ शकते, तुझी पाठ, तुझी झोप, त्यांची सुरक्षितता बघून ठरवा, फक्त 'ते नाहीतच आता' म्हणून ठरवू नका, आणि ठरलंच तर त्यांची चादर, त्यांची खुर्ची, तो चष्म्याचा खिळासुद्धा बरोबर जाऊ दे.

जिथे मला खरंच पुढे जाता येत नाही ते पण लिहिते. संध्याकाळी पाच-सहाला त्यांची घालमेल सुरू होते, 'घरी जायचंय' म्हणतात असं तू लिहिलंस. त्या वेळी त्यांना आतून कसं वाटत असेल? १९७४ साली थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने विचारलं होतं की वटवाघूळ असणं म्हणजे आतून कसं असतं, त्याच्या मेंदूचं, कानाचं सगळं सायन्स कळलं तरी ते आपल्याला कळेल का? चाल्मर्सने पुढे १९९५ मधे यालाच सगळ्यात अवघड प्रश्न म्हटलं, मेंदू काय काय करतो हे एक दिवस कळेलही, पण ते करताना कुणालातरी काहीतरी 'वाटतं' ते का, हे राहतंच. राईल इथे कमी पडतो, प्लेस पण, आणि सांख्यांचा साक्षी पण हा प्रश्न सोडवत नाही, त्याला नुसतं नाव देतो. बाबांच्या संध्याकाळपर्यंत आपल्याला पोचता येत नाही. पण तिथे कुणालातरी काहीतरी वाटतंय याबद्दल मला शंका नाही, आणि त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या पेशंटना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या फिल्म दाखवल्या. थोड्या वेळाने बहुतेकांना फिल्ममधलं फारसं काही आठवेना, काहींना तर त्यातलं काहीच आठवेना, पण आलेली भावना टिकून होती, आणि ज्यांना सगळ्यात कमी आठवत होतं त्यांचं दुःख उलट जास्त वेळ राहिलं.

म्हणजे त्या दिवशीचं कोपऱ्यात गप्प बसणं तेच होतं. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुझे शब्द गेले, तू ओरडलीस हे गेलं, फक्त मन जड झालेलं राहिलं, कशाने ते त्यांनाही माहीत नाही. पण मग हेच दुसऱ्या बाजूने पण चालतं ना. तू नंतर जवळ बसलीस, पाठीवर हात फिरवलास, जुनं एखादं गाणं लावलंस, तर तू आलेलीस हे ते विसरतील आणि बरं वाटणं राहील. माफी मागायची आहे असं तू लिहिलंस, मग शब्दांत मागू नकोस, त्यांना कशाची माफी तेच कळणार नाही आणि घाबरतील. अशीच माग, हाताने. आणि तू परत कधीतरी ओरडशील. दिवसरात्र एकटी करतेस, ओरडशीलच. भावाला सांग महिन्यातले चार दिवस येऊन राहायचं, पैसे पाठवणं वेगळं आणि रात्री तीनदा उठणं वेगळं.

डॉक्टरांचं एक, पटकन. ताट फेकणं, शिवी, हे अचानक दोनचार दिवसांत वाढलं असेल तर आधी लघवीची तपासणी करून घे, म्हाताऱ्या माणसांत नुसत्या इन्फेक्शनने पण डोकं एकदम बिघडतं आणि औषधाने सुधारतं. बी-१२ आणि थायरॉईड तपासलंय ना ते पण बघ. हे विचारायला लाजू नकोस, शरीर आणि मन वेगळं नसल्याचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा आहे.

यावरून छांदोग्य उपनिषदातली उद्दालक आणि श्वेतकेतूची गोष्ट, मला फार आवडते. बाप मुलाला सांगतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणतो, आता वेद म्हणून दाखव. बारा वर्षं शिकून आलेला मुलगा म्हणतो, काहीच आठवत नाही. मग बाप सांगतो, मोठी आग विझत विझत काजव्याएवढा एक निखारा उरावा तसं झालंय तुझं, सोळा भागांतला एक भाग उरलाय, जा जेवून ये. जेवून येतो आणि सगळं आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे बाळा, असं बाप सांगतो. आपल्याच उपनिषदात गं हे! बाबांचं तसं जेवून परत येणार नाही, ती आशा मी तुला लावत नाही, हा आजार उलटा फिरत नाही. पण काजव्याएवढा निखारा पण आगच असते, राख नसते, आणि बापाने ती ओळखली तेव्हा मुलाला स्वतःला काही आठवत नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळची घालमेल सुरू व्हायच्या आधी, त्यांना एक जुना मांजरपाटाचा तुकडा, पांढरा दोरा आणि सुई दे. मशीन नको, पायात किंवा बोटात येईल. काय शिवायचं ते सांगू नकोस, त्यांचं त्यांना घालू दे टाके, वाकडे पडले तरी तसेच राहू दे. तू शेजारी बस, तुझा चहा घेऊन, आणि बटण तुटलेला एखादा ब्लाऊज पुढे कर, 'हे जरा लावून देता का' म्हण, गिऱ्हाईक म्हणायचं तसं. एकच सुई दे आणि झाल्यावर आठवणीने परत घे. कात्री वरच्या कपाटात.

– मावशी